'माझ्या नावावर मांड': पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र

बायबलच्या नव्या करारात पौलाच्या, म्हणजे पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या, नावाची तेरा पत्रं आहेत. त्यांची मांडणी साधारण लांबीवरून केलेली आहे: आधी मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समूहांना, लिहिलेली, मग एकेकट्या माणसांना लिहिलेली, आणि दोन्हींत मोठं आधी, धाकटं नंतर. रोमकरांस लिहिलेलं सोळा अध्यायांचं पत्र त्यामुळे सगळ्यात पुढे येतं आणि फिलेमोनाला लिहिलेलं सगळ्यात शेवटी. त्याला अध्यायच नाहीत. पंचवीस वचनं, मूळ ग्रीकमध्ये साधारण ३३५ शब्द. मोठ्याने वाचलं तरी तीन मिनिटांत संपतं.

बायबल रोज उघडणारी माणसंही हे पान पटकन उलटतात. कारण उघड आहे. इथे वधस्तंभाचा उल्लेख नाही, पुनरुत्थानाचा नाही, शिकवण म्हणावी असा एकही परिच्छेद नाही. ही तक्रार जुनी आहे. चौथ्या शतकातला बायबलचा भाषांतरकार जेरोम याने नोंदवून ठेवलंय की हे पत्र पवित्र शास्त्रात कशाला हवं, यातून बोध तो काय घ्यायचा, असं विचारणारे लोक त्याच्या काळीही होते. जेरोमने आणि त्याच काळातल्या योहान ख्रिसोस्तोम या प्रवचनकाराने पत्राची बाजू घेतली, आणि बरं झालं. पौलाच्या मोठ्या पत्रांत जे सांगितलंय ते एका घरात, एका माणसाच्या बाबतीत, उद्या सकाळी कसं वागून दाखवायचं, हे फक्त इथे दिसतं.

प्रसंग थोडक्यात असा. पौल तुरुंगात आहे. त्याच्याजवळ अनेसिम नावाचा माणूस आहे. अनेसिम फिलेमोनाचा गुलाम. तो घरातून निघून पौलापर्यंत पोचला आणि तिथे ख्रिस्ती झाला. फिलेमोनही ख्रिस्ती आहे, तोही पौलामुळेच. त्याच्या घरात मंडळी जमते. आता पौल अनेसिमाला परत पाठवतोय आणि त्याच्याबरोबर हे पत्र देतोय.

गाव कोणतं ते पत्रात लिहिलेलं नाही. पण कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी अनेसिमाचा उल्लेख 'तुमच्यातलाच एक' असा येतो आणि अर्खिप्प हे नावही दोन्ही पत्रांत आहे. त्यामुळे फिलेमोनाचं घर कलस्सै इथे होतं असं मानतात. आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ, होनाझ गावाच्या बाजूला, या नगराचं टेकाड अजून बरंचसं न उकरलेलं पडलेलं आहे. लोकरीसाठी नावाजलेला हा मुलूख. पौलाचा तुरुंग कुठला यावर मात्र दोन तट आहेत. पूर्वापार समजूत रोमची, म्हणजे इ. स. ६० च्या आसपासची. पण रोम तिथून दीड हजार किलोमीटरहून लांब, मधे समुद्र. म्हणून बरेच अभ्यासक इफिस धरतात, म्हणजे पाचेक वर्षं आधीचा काळ. इफिसाहून कलस्सै दोनशे किलोमीटरच्या आत, आठवडाभराची पायवाट. शेवटी पौल 'माझ्यासाठी उतरायची सोय करून ठेव' म्हणतो. ते वाक्य मला इफिसाहूनच जास्त पटतं. दीड हजार किलोमीटरवरून कोणी खोली झाडून ठेवायला सांगत नाही.

पुढे जाण्याआधी एका शब्दापाशी थांबायला हवं. मराठी बायबलमध्ये 'दास' असा शब्द येतो. आपल्या कानाला हा शब्द गोड लागतो. आपल्याकडे रामदास आहेत, दासोपंत आहेत, 'नामयाची दासी' म्हणवून घेणारी जनाबाई आहे. भक्तीने या शब्दाचे काटे काढून टाकलेत. ग्रीक 'दूलोस' शब्दाला ते काटे होते. दूलोस म्हणजे विकत घेतलेला माणूस, मालकाच्या यादीत बैल, नांगर, भांडी यांच्या शेजारी मांडलेला. म्हणून या लेखात मी 'गुलाम' असंच लिहिणार आहे.

रोमी कायद्यात गुलामाचं लग्न हे लग्न नव्हतं. गुलाम बाईचं मूल मालकाचं. कोर्टात गुलामाची साक्ष घ्यायची तर छळ करूनच घ्यायची, असा दंडक. पळून गेलेल्याला लपवणं हा गुन्हा होता, आणि पकडून आणणं हा काही लोकांचा धंदा होता. सापडलेल्याच्या कपाळावर डाग देत, कधी गळ्यात लोखंडी पट्टा ठोकत. असा एक पट्टा रोमच्या संग्रहालयात आहे. त्याला लटकवलेल्या बिल्ल्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: 'मी पळालोय, मला धर. माझा मालक झोनिनस याच्याकडे परत नेलंस तर तुला सोन्याचं नाणं मिळेल.' हा पट्टा पौलानंतर तीनेकशे वर्षांनी किंवा त्याहून उशिराचा. पण अनेसिम ज्या वाटेने परत निघाला त्या वाटेवर कसली भीती असेल, हे त्यावरून कळतं.

अनेसिम खरोखर पळाला होता का? पत्रात 'पळाला' असा शब्द कुठेही नाही. पळाला, जाताना चोरी केली, ही कथा ख्रिसोस्तोमच्या प्रवचनांपासून रूढ झाली. दुसरी एक शक्यता रोमी कायद्यातच आहे. मालकाचा राग ओढवलेला गुलाम मालकाच्या मित्राकडे गेला आणि 'माझ्या वतीने दोन शब्द बोला' म्हणाला, तर त्याला पळपुटा धरायचं नाही, असा निर्वाळा पहिल्या शतकातला कायदेपंडित प्रोकुलस देतो. अनेसिम याच हेतूने पौलाकडे गेला असेल, असं अलीकडे बरेच जण म्हणतात. मला हे जास्त सयुक्तिक वाटतं. पळायचंच असतं तर मालकाच्या गुरूच्या दारात कोण जाईल? काहीही असो, घरात काहीतरी बिनसलं होतं, आणि मधे पडायला पौलाशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

आता पत्र उघडू.

पहिल्याच ओळीत एक गोष्ट वेगळी आहे. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस लिहिताना पौल स्वतःला 'प्रेषित' म्हणवतो. ते त्याचं अधिकाराचं पद. इथे तो लिहितो, 'ख्रिस्त येशूचा बंदिवान पौल'. गुलामाबद्दल बोलायला बसलेला माणूस आधी स्वतःच्या साखळ्या पुढे करतो.

मग पत्र कोणाला, ते पाहा. फिलेमोनाला, बहीण अप्फियाला, सहसैनिक अर्खिप्पाला, आणि 'तुझ्या घरातल्या मंडळीला'. इथे मराठी वाचकाला फायदा मिळतो. ग्रीकमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत, मराठीतही आहेत. ज्या भाषांत दोन्हींना एकच शब्द, तिथे ही गंमत हरवते. पत्राची सुरुवात 'तुम्हांला कृपा असो' अशी, अनेकवचनी. चौथ्या वचनापासून सगळं बोलणं 'तू'वर येतं, फक्त फिलेमोनाशी. आणि अगदी शेवटी पुन्हा 'तुमच्या प्रार्थनांमुळे', 'तुमच्या आत्म्याबरोबर'. म्हणजे बोलणं खाजगी, पण भरल्या घरात. त्या काळी पत्र मोठ्याने वाचून दाखवत. तेव्हा दृश्य असं डोळ्यांपुढे आणा: संध्याकाळ, फिलेमोनाच्या घरातली बैठक, मंडळी बसलेली, त्यात त्या घरातले इतर गुलामही असतील. पत्र वाचलं जातंय, आणि ज्याच्याबद्दल ते आहे तो अनेसिम तिथेच कुठेतरी, दाराशी, उभा आहे. सगळ्यांची नजर एकदा त्याच्याकडे, एकदा घरधन्याकडे.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून झालं. साध्या बायकांना कळावं ही त्यांची धडपड होती. हे 'तू-तुम्ही' पाहिलं की मूळ भाषेपर्यंत जायचा त्यांचा हट्ट मला नव्याने कळतो.

पौल आधी फिलेमोनाचं कौतुक करतो. तुझ्यामुळे पवित्र जनांची अंतःकरणं विसावली आहेत, म्हणतो. मग मुद्द्याकडे वळतो: तुला आज्ञा करायचा मला ख्रिस्तात पुरेपूर अधिकार आहे, तरी प्रेमाखातर मी विनवणीच करतो. मी, पौल, म्हातारा, आणि आता बंदिवानही.

हा या पत्राचा पहिला धागा: हुकूम आणि विनंती यांतला फरक. चौदाव्या वचनात तो स्पष्टच सांगतो की तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं; तुझा चांगुलपणा जुलमाचा नसावा, आपखुशीचा असावा. चांगली गोष्ट बळजबरीने करवून घेतली तर गोष्ट होते, पण माणूस होता तिथेच राहतो. पौलाला फिलेमोन बदलायला हवा आहे.

पण मी एवढं म्हणून सोडून देणार नाही. ही विनंती निर्मळ विनंती आहे का? सगळ्या मंडळीसमोर वाचली जाणारी, 'आज्ञा करू शकलो असतो' असं आधी ऐकवणारी, पुढे 'तू स्वतःच माझ्या ऋणात आहेस' असं सुचवणारी? फिलेमोनाला नाही म्हणायला जागा फारशी उरलेली नाही. कोणी याला गोड बोलून कोपऱ्यात घेणं म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण दोन पारड्यांकडे पाहा. एकीकडे कायदा, मालमत्ता, घर, समाज, सगळा रोम फिलेमोनाच्या बाजूने. दुसरीकडे एक गुलाम आणि एका कैद्याचं पत्र. पौलाने आपल्या हाती होतं तेवढं सगळं वजन हलक्या पारड्यात टाकलं.

मग नाव येतं, पण लगेच नाही. ग्रीक वाक्यरचनेत पौल म्हणतो: मी तुला विनवतो माझ्या लेकराबद्दल, ज्याला मी बंदिवासात जन्म दिला... आणि तेव्हा कुठे, अनेसिम. फिलेमोनाच्या कानावर आधी 'लेकरू' पडावं, नाव नंतर. ज्या नावाने घरात संताप उसळत असेल ते नाव उच्चारण्याआधी पौल त्याला मुलगा करून घेतो.

या नावावर तो कोटीही करतो. ओनेसिमोस म्हणजे 'उपयोगी', 'लाभाचा'. गुलामांना अशी नावं सर्रास ठेवत. मालकाला हवा तो गुण नावातच ठोकून द्यायचा. पौल म्हणतो, हा पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगी आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आधीची गत. आता नाव खरं झालं. ग्रीकमध्ये 'आख्रेस्तोस' आणि 'एउख्रेस्तोस' असे शब्द आहेत, आणि 'ख्रेस्तोस' हे त्या काळच्या उच्चारात 'ख्रिस्तोस'च्या इतकं जवळचं की ऐकणाऱ्यांना त्यात ख्रिस्ताचं नावही ऐकू आलं असेल. पुढे विसाव्या वचनात तो फिलेमोनालाच म्हणतो, भाऊ, मला तुझ्याकडून हा लाभ होऊ दे. तिथे वापरलेलं क्रियापद अनेसिमाच्या नावाच्याच मुळाचं. उपयोगी पडायची पाळी आता मालकाची.

बाराव्या वचनात पौल लिहितो, मी त्याला परत पाठवतोय, म्हणजे माझी 'स्प्लांख्ना'च पाठवतोय. या शब्दाचा शब्दशः अर्थ आतडी. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण म्हणतोच, आतडं तुटतं, आतड्याचं माणूस. हा शब्द या छोट्याशा पत्रात तीनदा येतो. सातव्या वचनात: फिलेमोना, तुझ्यामुळे पवित्र जनांची आतडी निवाली. बाराव्यात: अनेसिम म्हणजे माझं आतडं. विसाव्यात: आता माझी आतडी निवव. तिन्ही एकापाठोपाठ ठेवा म्हणजे पौलाचा युक्तिवाद दिसतो. तू सगळ्यांच्या जिवाला थंडावा देणारा माणूस, माझा जीव आता तुझ्या दारात उभा आहे, बघ.

आणि मग पत्राचा गाभा, पंधरावं आणि सोळावं वचन. कदाचित तो थोडा वेळ दुरावला तो यासाठीच, की तू त्याला कायमचा परत घ्यावंस. यापुढे गुलाम म्हणून नव्हे, तर गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून. मला तर तो विशेष प्रिय, मग तुला किती अधिक, 'देहाने आणि प्रभूमध्येही'.

या शेवटच्या तीन-चार शब्दांवर सगळं पत्र तोललेलं आहे असं मला वाटतं. पौल नुसतं 'प्रभूमध्ये भाऊ' म्हणून थांबला असता तर फिलेमोनाची चांगली सोय झाली असती. रविवारी भाऊ, सोमवारी गुलाम. प्रार्थनेत शेजारी बसवायचं, नंतर पाय धुवायला लावायचं. आत्म्याने सगळे समान, व्यवहार आपल्या ठिकाणी, ही पळवाट प्रत्येक धर्माच्या प्रत्येक काळातल्या माणसाने वापरलेली आहे. 'देहाने' या एका शब्दाने पौल ती बुजवतो. देहाने म्हणजे या घरात, या स्वयंपाकघरात, या पंगतीत, कामाच्या वाटणीत. तिथेही भाऊ.

यानंतरचा भाग माझ्या सगळ्यात जवळचा आहे, आणि तो मला एका आजींनी समजावला. आमच्या अभ्यासगटात आम्ही हे पत्र वाचत होतो. या आजींनी नवऱ्यामागे तीस वर्षं किराणा दुकान चालवलेलं. सतरा ते एकोणीस ही वचनं मी वाचली: तू मला भागीदार मानत असशील तर मला घेशील तसं त्याला घे. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. मी, पौल, हे स्वतःच्या हाताने लिहितोय: मी फेडीन. आजींनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'म्हणजे हा जामीन राहिला की. आणि सही पण करून दिली.' मग थोड्या वेळाने, 'उधारी माफ करा म्हणणारे पुष्कळ यायचे दुकानात. माझ्या नावावर मांडा म्हणणारा एखादाच.'

त्यांनी नेमकं पकडलं होतं. हे शब्द व्यापाराचेच आहेत. भागीदार, नुकसान, देणं, खात्यावर मांडणं, फेडणं. 'मी स्वतःच्या हाताने लिहितोय' हेही तसंच. पत्रं लेखनिकाकडून लिहवून घ्यायची तेव्हा पद्धत होती. रोमकरांसच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःचा नमस्कार घालतो. पण कर्जरोखा ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिला की त्याला वजन येई. पौल लेखनिकाच्या हातून लेखणी घेऊन पत्राच्या मधोमध कर्जरोखा लिहून देतो. तुरुंगातला माणूस. त्याच्याकडे होतं काय?

क्षमा म्हणजे 'जाऊ दे' म्हणणं, असं आपण समजतो. पण नुकसान झालेलं असतं, ते कोणाला तरी सोसावं लागतं. पौल फिलेमोनाला 'विसरून जा' म्हणत नाही. हिशोब मांड म्हणतो, फक्त नाव बदल. अनेसिमाच्या जागी माझं नाव घाल. आणि अनेसिमाला घेताना मला घेतोयस असं समज. देणं या बाजूला, मान त्या बाजूला. ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केलं याबद्दल पौलाची जी शिकवण इतर पत्रांत पानंच्या पानं चालते, ती इथे खतावणीच्या दोन ओळींत आलीय. मार्टिन लूथर या पत्राच्या प्रस्तावनेत म्हणतो की नीट पाहिलं तर आपण सगळेच ख्रिस्ताचे अनेसिम आहोत, ते यामुळेच.

याच काळातलं दुसरं एक पत्र शेजारी ठेवलं की फरक झळझळीत दिसतो. साधारण इ. स. १०० च्या सुमारास रोमी सरदार धाकटा प्लिनी याने साबिनियानस नावाच्या मित्राला पत्र लिहिलं. साबिनियानसने मुक्त केलेला एक गुलाम त्याचा राग ओढवून प्लिनीच्या पायाशी येऊन रडला होता. प्लिनी लिहितो: त्याला खरा पश्चात्ताप झालाय असं वाटतं, तो तरुण आहे, रडतोय, तूही स्वभावाने मऊ आहेस, त्याला छळू नकोस, नाहीतर स्वतःलाही छळशील. मी त्याला चांगलं झापलंय आणि पुन्हा रदबदली करणार नाही अशी तंबी दिलीय. पत्र चांगलं आहे, दयाळू आहे, आणि साबिनियानसने ऐकलंही. पण त्यात जो खाली आहे तो खालीच राहतो. पौलाच्या पत्रात अनेसिमाच्या अश्रूंचा उल्लेख नाही, पश्चात्तापाचा नाही, त्याला झापल्याचा नाही. 'क्षमा कर' हे शब्दसुद्धा नाहीत. प्लिनी मालकाचा राग शांत करतो. पौल मालकाचं नातं बदलायला सांगतो.

इथे तो प्रश्न येतोच, जो आजींनी शेवटी विचारला: 'पण मग तो सुटला का?' पौलाने 'त्याला मुक्त कर' असं सरळ का लिहिलं नाही?

एकविसाव्या वचनात तो म्हणतो, मी सांगतोय त्याहूनही अधिक तू करशील हे मला ठाऊक आहे. हे 'अधिक' म्हणजे मुक्तीच, असं पुष्कळ जण धरतात, मीही. तेराव्या वचनात त्याला अनेसिम आपल्याजवळ ठेवून घ्यायची इच्छा होती असंही येतं, म्हणजे त्याला परत पौलाकडे पाठवावं असाही अर्थ निघतो. पण शब्द तिथे नाही. 'गुलाम म्हणून नव्हे' असं आहे, 'आता गुलाम नव्हे' असं नाही. आणि आणखी एक गोष्ट मला टोचते. पौल यहुदी, नियमशास्त्र तोंडपाठ असलेला. त्या नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे: धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नकोस. तरी पौल अनेसिमाला पाठवतो. आणि स्वतः अनेसिम? सगळ्या पत्रात त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही.

या मौनाची किंमत फार लोकांनी भरली. ज्या लोखंडी पट्ट्यांबद्दल वर लिहिलं, त्यांतल्या काहींवर ख्रिस्ताचं चिन्ह कोरलेलं आहे. ज्यांनी ते गुलामाच्या गळ्यात ठोकले त्यांच्या शास्त्रात हे पत्र होतं. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला, तेव्हा अँडोव्हर सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या विद्यालयात, अनेक वर्षं शिकवलेले बायबलचे मोठे अभ्यासक मोझेस स्टुअर्ट यांनी त्याच्या समर्थनार्थ हेच पत्र पुढे केलं: पौलानेही अनेसिमाला परत पाठवलंच ना? गुलामगिरीविरुद्ध लढणारे सोळाव्या वचनावर बोट ठेवून उत्तर देत होते. एकच पान, एकाला बारावं वचन दिसतं, दुसऱ्याला सोळावं.

पण या पत्राचं सगळ्यात धारदार वाचन विद्वानांनी केलेलं नाही. १८३० च्या दशकात जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा पाळक गुलामांच्या मोठ्या जमावापुढे फिलेमोनावर प्रवचन देत होता. तो स्वतः गुलामांचा मालक. पौलाचा दाखला देत त्याने पळून जाणं पाप ठरवलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की अर्धे श्रोते शांतपणे उठून चालते झाले. राहिले त्यांतले काही नंतर म्हणाले की असं पत्र बायबलमध्ये नाहीच; काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे. वाचता येऊ नये म्हणून ज्यांच्यावर पहारे होते त्या माणसांना कळलं होतं की जे वाचून दाखवलं जातंय त्यात काहीतरी गाळलंय. पुढे यादवी युद्धानंतर ती गुलामगिरी संपली, आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांना मुक्त करायला हातभार लावला. माणसाला धर्माचा आधार देऊन खाली ठेवलं जातं तेव्हा शास्त्र कोण वाचतंय हे आधी बघावं लागतं, हे जोतीरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पौलाचा बचाव करताना सांगतात की छोट्याशा, संशयाने पाहिल्या जाणाऱ्या मंडळीच्या हातात रोमचा कायदा बदलायची ताकद नव्हती, आणि पौल जगाचा शेवट जवळ आलाय असं मानत होता. दोन्ही खरं आहे. तरी मला वाटतं, एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर बरं झालं असतं. सोळावं वचन मनापासून वाचणाऱ्याला त्या वाक्याची गरज पडत नाही, हेही तितकंच खरं. सख्ख्या भावाला कोणी मालमत्तेच्या यादीत मांडत नाही. अडचण अशी की मनापासून न वाचणारेच पुष्कळ होते.

शेवटी पौल उतरायची सोय करायला सांगतो आणि एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक यांचे नमस्कार कळवतो. ही पाच नावंही उगाच नाहीत. म्हणजे तुरुंगाच्या बाजूलाही पाच जणांना ही गोष्ट ठाऊक आहे, आणि पौल येणार आहे, बघायला.

पुढे काय झालं? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाती याला मृत्युदंडासाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने इफिसच्या मंडळीला पत्र लिहिलं आणि त्यात त्यांच्या बिशपचं तोंड भरून कौतुक केलं. त्या बिशपचं नाव अनेसिम. शिवाय इग्नाती तिथे 'मला तुमच्याकडून लाभ होवो' अशा अर्थाचं तेच ग्रीक क्रियापद वापरतो जे पौलाने विसाव्या वचनात वापरलंय. तोच हा अनेसिम का? नाव सर्रास होतं, मधे पन्नासएक वर्षं गेलेली. छातीठोक सांगता येत नाही. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच हिशोब केला. 'तेव्हा पंचविशीचा असेल तर नंतर ऐंशीच्या आसपास. होऊ शकतं.'

या पत्राचा आज हाती असलेला सगळ्यात जुना तुकडा जर्मनीत कोलोन इथे जपलेला आहे, पपायरसचा, दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. एका अंगाला तेरा ते पंधरा या वचनांतली अक्षरं, दुसऱ्या अंगाला चोविसावं आणि पंचविसावं. पंधरावं वचन म्हणजे 'कदाचित तो थोडा वेळ दुरावला तो यासाठीच'. तिथे तुकडा फाटलेला आहे, आणि 'गुलाम म्हणून नव्हे' ही ओळ त्याच्या लगेच पुढची.